आगरातला खड्डा

देवजीकाकावर लिहायचं तर आधी राग आवरायला पाहिजे, आणि तो काही मला आवरत नाही. क्लबच्या पोरांनी जुन्या मैदानाची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. "केतनदादा, देवजीआजोबांवर तुम्हीच लिहा. चांगल्या आठवणी लिहा." चांगल्या! आयला, या पोरांना काय माहीत. सव्वीस वर्षं खारवे गावात माझी ओळख एकच होती: ज्याच्या खड्ड्यात दिपेशचा पाय मोडला तो. दिपेश म्हणजे देवजीकाकाचा मुलगा आणि माझा जिवलग दोस्त. म्हणजे, होता. माझ्या नावाला लागलेला हा डाग खरा की खोटा, ते सांगितल्याशिवाय देवजीकाका सांगताच येणार नाही. म्हणून सगळं लिहितो. छापायचं नसेल तर छापू नका.

आधी मैदानाचं. सीवूड्सच्या मॉलमागून खाडीकडे जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं आमचं गाव, आणि गावापुढे, खाडीच्या बांधाला लागून, आगर. आगर म्हणजे मिठागर. पूर्वी तिथं मिठाचे वाफे होते, म्हणून मैदानालाही आम्ही आगरच म्हणत आलो. पेंटरनं भिंतीवर हौसेनं 'खारवे स्टेडियम' रंगवलं तेव्हा अख्खं गाव हसत होतं. एका बाजूला श्रमदानानं बांधलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला बांध, कोपऱ्यात पत्र्याची शेड. झालं स्टेडियम. पण बाहेरच्या टीम तिथं यायला टरकायच्या. गवताचं एक पातं नाही. पडलात की गुडघ्याची सालटी निघालीच, आणि वर जखमेत खारी माती. बोंबलत घरी जायचे लोक. आम्ही मात्र त्याच जमिनीवर वाढलेले, त्यामुळे घरच्या मैदानावर आम्हाला हरवणं सोपं नव्हतं.

ही जमीन देवजीकाकानं केली, आणि ती पायानं केली. तो लहानपणापासून मिठागरातला. मीठ धरायच्या आधी वाफ्याच्या ओल्या मातीवर पाय देऊन देऊन तळ घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ चिखलात जातं. ते काम त्याचं. माझी आई, बयाबाई, त्याच वाफ्यांवरून मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहायची. ती सांगायची, देवजीनं पाय दिलेल्या वाफ्यात पाणी ताटात ठेवल्यासारखं राहायचं. पुढे नवं शहर आलं, जमिनी गेल्या, मीठ बंद झालं. गावातले बाप्ये बघता बघता रिकामे झाले. गोदीत कामाला जाणाऱ्या कुणीतरी एक फुटबॉल आणला आणि पोरं वाळलेल्या वाफ्यांत ठेचा खात खेळायला लागली.

काका तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्याला समजावता समजावता आमच्या तीन पिढ्या दमल्या. पण पोरं आपटतात हे त्याला बघवेना. त्यानं मधले बारके बांध फोडले, खाडीची माती आणून खोलगट जागा भरल्या, आणि एका कंपनीत वॉचमनची नोकरी लागली होती ती सांभाळून रोज मैदान तुडवलं. एकटाच. लोक बांधावर उभे राहून टिंगल करायचे, देवजीला मिठाचं वेड लागलं म्हणून. पावसाळ्यात उधाणाचं पाणी आत शिरायचं आणि सगळं उखडून ठेवायचं. दसऱ्याच्या सुमारास हा परत उभा, लुंगी गुडघ्यावर खोचून. असं किती वर्षं केलं असेल, ते त्याचं त्यालाही माहीत नाही.

बोलणं कमी. हाक मारली तर मान वर करायचा आणि वाट बघायचा, पुढचा काय बोलतो ते. भागीरथीकाकी, त्याची बायको, म्हणायची, "यांचे तोंडान मीठ भरलंय." आम्ही पोरं हसायचो. आता नाही हसू येत.

मग आली लग्नं. आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. गाव जेवायला, पाहुणे जेवायला, वाजप, नाच. दाराला अंगण होतं तोवर मांडव दारात पडायचा. नंतर ज्यानं त्यानं अंगणात चाळ बांधली, चाळीवर मजले चढवले, भाडी सुरू झाली, आणि मांडवाला जागाच उरली नाही. मांडव आला आगरात. मांडव म्हणजे वासे, वासे म्हणजे खड्डे, आणि खेळणाऱ्याला खड्ड्यासारखा दुश्मन नाही. पण काका होता म्हणून आम्हाला टेन्शन नव्हतं. लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन हजर. थोडी माती, थोडं पाणी, वर टाच. परत माती, परत टाच. एक ऊन खाऊ द्यायचा आणि मग शेवटचा हात फिरवायचा. त्यानं बुजवलेला खड्डा शोधून दाखव, म्हणून आम्ही पैजा लावायचो आणि हरायचो.

ते वर्ष अठ्ठ्याण्णवचं. माघात आगरात पाठोपाठ दोन लग्नं झाली. आधी काकाच्या यमुनाचं, मग माझ्या बहिणीचं, हिराचं. दोघी एका वयाच्या, एका ताटात जेवणाऱ्या मैत्रिणी. दोन्ही मांडव मैदानाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात पडले, कारण तिकडून रस्ता जवळ. यमुनाच्या मांडवाचे खड्डे काकानं बुजवले. हिराच्या लग्नानंतरही तो घमेलं घेऊन आला, पण अंगात ताप होता. मी म्हटलं, "काका, तू बस पायरीवर. आमी करतो." मी आणि माझे चुलतभाऊ. तो सांगेल तसं केलं, टाचा मारमारून. तरी आम्ही विशीतली पोरं, आदल्या दोन दिवसांत नाचून पाय गळून गेलेली.

पुढच्या रविवारी स्पर्धेची सेमीफायनल होती. मुंबईतल्या एका मोठ्या क्लबचा माणूस दिपेशला बघायला आला होता. दिपेशचा डावा पाय म्हणजे काय सांगू! मी गोलकीपर, रोज त्याच्यासमोर उभा राहायचो. बॉल कुठून आला ते जाळी हलल्यावर कळायचं. त्या दिवशी दुसऱ्या हाफमध्ये तो उत्तरेकडच्या गोलाजवळ बॉल घेऊन वळला आणि तोच पाय जमिनीत गेला. अंग पुढे गेलं, पाय तिथंच राहिला. मी समोरच्या गोलातून धावत गेलो. त्याचा गुडघा भलत्याच दिशेला होता. मी आयुष्यात पुन्हा गोलात उभा राहिलो नाही.

हॉस्पिटलात दिपेश शुद्धीवर आला तेव्हा आम्ही बरेच जण खाटेभोवती होतो. त्यानं पहिलं विचारलं, "खड्डा कोनाचा?" देवजीकाका उशाशी उभा होता. तो काही बोलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "देवजीच्या हातचा खड्डा कदी बसला हाय काय? हिराच्या मांडवाचा असंल. पोरांनी बुजवलेले ना ते." कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. दिपेशनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते तोंड त्यानं परत माझ्याकडे केलं नाही.

आणि ऐका, मलाही ते पटलं होतं. मी कुणाशी भांडायला गेलो नाही. भांडणार कशाच्या जोरावर? काकाची टाच आणि माझी टाच यात फरक होताच की. रात्रंदिवस मनात तेच, कुठला खड्डा राहिला, कुठे घाई केली. महापेला कंपनीत स्टोअरमध्ये लागलो, लग्न झालं, पोरं झाली, तरी रस्त्यात लंगडत येणारा दिपेश दिसला की मी गल्ली बदलायचो. आईनं गावदेवीला नवस बोलला, दिपेश चालता होईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही. तो चालता झाला, पण लंगडत. आई म्हणाली, याला चालणं म्हणत नाहीत. आणि ती मरेपर्यंत अनवाणी राहिली.

हिराचं तर सांगूच नका. तिला दिली होती उरणच्या बाजूला. बातमी तिकडे पोहोचायला कितीसा वेळ? सासूनं शब्द पकडला: पांढऱ्या पायाची. हिच्या मांडवानं गावच्या पोराचा पाय खाल्ला, आता आमचं काय काय खाते बघा. दिराची नोकरी गेली, हिराचे पाय. गाय आटली, हिराचे पाय. पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा तर त्या बाईनं बारशाला जमतात तशा बायका गोळा करून ऐकवलं. हिरा माहेरी यायची ती मागच्या वाटेनं. आगराच्या बाजूला तिनं कधी पाऊल टाकलं नाही.

आणि देवजीकाका? त्यानं जाहीर केलं की यापुढे आगरात मांडव पडणार नाही. केवढी भांडणं झाली! गावकीची मीटिंग बसली, लोक म्हणाले मैदान काय तुझ्या बापाचं हाय काय. हा मधोमध जाऊन बसला, बांबू घेऊन आलेल्या टेम्पोसमोर. मग लोक वरमले. पोराचा पाय गेला त्या बापाला काय बोलायचं? पुढे पुढे तर कौतुक सुरू झालं. मैदानासाठी जन्म दिला माणसानं, शाल द्या, नारळ द्या. मीही टाळ्या वाजवल्यात. आई गेली तेव्हा काका तिच्या अंत्ययात्रेला आला, सरणावर लाकूड ठेवलं, आणि नंतर माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, किती मोठा माणूस, ज्याच्यामुळे पोरगा लंगडा झाला त्याच्याही दुःखात उभा आहे.

गेल्या वर्षी नोटीस आली. आगरातून रस्ता जाणार, उरलेल्या जागेत पार्किंग. क्लबला खारघरकडे नवं मैदान मिळालं, हिरवं, प्लास्टिकच्या गवताचं. पोरं खूश, आणि का नसावीत? गुडघे शाबूत राहतील. दिवाळीनंतर एक शेवटची मॅच ठेवली. म्हातारे झालेले खेळाडू पोटं सावरत येऊन गेले, फोटो झाले, भाषणं झाली. काकाला बोलायला उभा केला तर माइक हातात धरून गप्प. पोरांना वाटलं गहिवरला.

त्याच सुमारास दिपेशच्या मुलीचं, निशिगंधाचं लग्न ठरलं. दिपेशला आता दोन बिल्डिंगींची भाडी आहेत, हॉल घ्यायला काही कमी नव्हतं. पण पोरगी आजोबाकडे गेली. "आजोबा, मैदान तर जाणारच आहे. माझा मांडव आगरातच घाला ना." सगळ्यांना वाटलं म्हातारा काठी उगारेल. तो म्हणाला, "हो. आन मेढ पन तिथंच."

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. त्याच्या खड्ड्यात हळद, सुपारी, पैसा घालायचा, उंबराची फांदी बांधायची, घरच्या वडील माणसानं तो रोवायचा. इतर वासे मांडववाल्याचे, मेढ देवाची. ती रीतीनं घराच्या दारात असते, अंगण नसलं तर उंबऱ्याशी एखाद्या डब्यात माती भरून तरी. आमच्या हिराची तशीच होती, दारात. आगरात मेढ कुणी रोवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मेढीच्या आदल्या दिवशी काका माझ्या दारात आला. माझी बायको मीना दार उघडून तशीच उभी राहिली; त्या घरातलं कुणी आमच्याकडे येत नसे. तो आत आला नाही. "केतन, उद्या सकाली मेढीला ये. तुजं काम हाय." मी म्हटलं, "दिपेशला चालंल काय?" तो म्हणाला, "मी बोलवतोय." आणि गेला. मी जाणार नव्हतो. मीना म्हणाली, "म्हातारं माणूस पायऱ्या चढून आलं. जा, लांब उभे राहा हवं तर."

गेलो आणि लांबच उभा राहिलो. घरची माणसं, भाऊबंद, भटजी, फांदीला हळद लावणाऱ्या बायका. यमुनाही आली होती, आता केस पांढरे झालेली. काकानं पहार घेतली आणि कुणाला काही न विचारता उत्तरेकडच्या गोलाकडे चालायला लागला. गोलाच्या डाव्या अंगाला थांबला आणि पहार मारली. दिपेश ओरडला, "बाबा, तिथं नको! तिथं माझा पाय गेला."

"ठाव हाय," काका म्हणाला. "म्हनून हितंच."

मग तो बोलला. पहारीवर दोन्ही हात ठेवून, जमिनीकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. यमुनाच्या लग्नाच्या वेळी त्याच्या घराचं काम निघालं होतं, दारात विटांचे ढीग होते. आणि आगर त्यानं स्वतःच्या पायानं केलेलं, त्याला घराहून प्रिय. म्हणून पहाटे, दिपेश आणि बाकीची पोरं झोपलेली असताना, घरच्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन त्यानं यमुनाची मेढ आगरातच रोवली, याच जागी. वर मांडव चढल्यावर इतक्या वाशांत ती कुणाच्या लक्षातही आली नाही. लग्न झालं, मेढ काढली, आणि आली अडचण. मेढीच्या जागेवर पाय द्यायचा नाही. नवरी पहिल्या सणाला माहेरी येईस्तोवर तिथं देव बसलेला असतो. बाकीचे सगळे खड्डे त्यानं टाचेनं ठोकले. हा एक नुसता हातानं भरला, हातानं दाबला, वर माती सारखी केली.

"हात कितीसा दाबनार," तो म्हणाला. "वरून घट दिसत होता. पाय नाय दिला मी. देवाला भ्यालो. केतनचे खड्डे बरोबर होते. मी दुसऱ्या दिवशी सगळे बघितले व्हते, एकेक."

बायकांच्या हातातली हळद तशीच. भागीरथीकाकी खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिच्याकडे बघून मला कळलं की तिलाही माहीत होतं. आणि मला काय वाटलं सांगू? आनंद वगैरे काही नाही. आई डोळ्यांसमोर आली, उन्हात डांबरी रस्त्यावरून अनवाणी बाजाराला जाणारी. वाटलं म्हाताऱ्याच्या हातातली पहार हिसकावून घ्यावी.

दिपेश बापाकडे गेला. "आनि तू बोलला नायस? त्या दिवशी मी इचारला तवा तू उशाशी उभा होतास!" एवढा मोठा माणूस, दोन बिल्डिंगींचा मालक, गावच्या भाषेत लहान पोरासारखा ओरडत होता. काका म्हणाला, "यमुना सासरी जाऊन पंधरा दिस झाले व्हते. तिचे मेढीनं सख्ख्या भावाचा पाय खाल्ला असा झाला असता. तिला तिथं कोनी जगू दिला नसता. पांढऱ्या पायाची बोलून घरी धाडली असती." त्यानं यमुनाकडे बघितलं. "आता तिची सासू गेली. पोरं मोठी झाली. आता तिला कोन बोलनार नाय. म्हनून आज बोललो. आगर पन चाललाय."

तेव्हा माझं तोंड उघडलं. मी पुढे गेलो आणि म्हटलं, "काका, आनि आमची हिरा?"

त्यानं मान वर केली. या माणसानं माझ्याकडे सरळ बघितल्याचं मला दिपेशचा पाय मोडल्यापासून आठवत नाही.

"यमुनाला जे ऐकायला लागू नये म्हणून तू गप्प राहिलास," मी म्हटलं, "ते सगळं हिरानं ऐकलं. एक शब्द कमी नाही. तुझ्या पोरीच्या वाटचं आमच्या पोरीच्या पदरात घातलंस तू. माझं सोड. आई तर गेलीच. पण हिरा अजून तिथं आहे, आणि तिची सासूही आहे."

भटजी घड्याळ बघत मुहूर्ताचं काही पुटपुटले. काकानं पहार आडवी ठेवली, हाताची माती लुंगीला पुसली आणि दिपेशला म्हणाला, "गाडी काढ. मेढ रायली तर रायली." मेढ त्या दिवशी संध्याकाळी बसली, मुहूर्त टळून गेल्यावर.

गाडीत आम्ही तिघंच. दिपेश चालवत होता, मी शेजारी, काका मागे. सव्वीस वर्षांनी आम्ही दोघं एका गाडीत होतो आणि खाडीपूल ओलांडला तरी कुणी तोंड उघडलं नव्हतं. मग दिपेश म्हणाला, "एसी लावू काय?" मी म्हटलं, "लाव." एवढंच बोलणं झालं. लोक मला विचारतात, काकाला माफ केलंस का? नाही केलं. कसं करू? आईची अनवाणी वर्षं मला कोण परत आणून देणार? पण मागे बसलेला तो म्हातारा बघून जीवही तुटत होता, हेही खरं.

हिरा ओट्यावर तांदूळ निवडत होती. आम्हा तिघांना एकत्र उतरताना बघून ती ताडकन उठली. "केतन, कोन गेलं?" तिला वाटलं, असे तिघं एकत्र येतील तर मयतीचा निरोप घेऊनच.

"कोनी नाय गेलं," काका म्हणाला. तो ओट्यावर चढला नाही, खाली अंगणातच उभा राहिला. "हिरा, खड्डा तुज्या मांडवाचा नव्हता. माज्या यमुनाच्या मेढीचा व्हता. मना पयल्या दिवसापासून ठाव व्हता. मी बोललो नाय."

हिरानं सूप खाली ठेवलं. काकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती आत निघून गेली. दिपेश हळूच म्हणाला, "चल बाबा, निघू." तेवढ्यात ती परत आली, सासूला हाताला धरून. म्हातारी पार वाकलेली, नव्वदीला टेकलेली. हिरानं तिला खुर्चीत बसवलं, अंगावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "काका, आता इला सांग."

काकानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "काय बोलतो यो?"

"मोठ्यानं बोल. तिला ऐकायला येत नाय."

तो मोठ्यानं बोलला. म्हातारीनं कानामागे हात धरला. "आं?"

"आजून मोठ्यानं, काका."

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. सगळा जन्म ज्यानं आवाज वर केला नाही तो माणूस ओरडायला लागला. "खड्डा माजा व्हता! हिराचा नव्हता! मी गप रायलो!" शेजारच्या दारांत बायका आल्या, समोरच्या घरातले पुरुष बाहेर आले. त्याचा आवाज फाटला, खोकल्याची उबळ आली. दिपेश त्याला धरायला धावला तर हिरानं हात आडवा केला. "बोलू दे त्याला. मना बोलत व्हते तवा कोनी थांबवला नाय." काकानं श्वास घेतला आणि परत ओरडला, त्या अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

आता म्हातारीला ऐकू आलं. तिनं हळूहळू मान वळवून सुनेकडे बघितलं, मग काकाकडे. "मंग हिचे पाय..." एवढंच म्हणाली.

"हिचे पाय चांगले हायेत," देवजीकाका म्हणाला. "पयल्यापासून चांगले व्हते."

हिरा ओट्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आईच्या मयतीलाही ती अशी रडली नव्हती. आम्हा तिघांपैकी कुणाची तिच्याजवळ जायची हिंमत झाली नाही.